जुना अ‍ॅम्प कुणाच्या भरवशावर?

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात क्वाड 405 विकायला काढलाय, हे भाचीला कळलं तेव्हापासून तिचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. तिचा बेत मामांना कळला तेव्हापासून त्यांचंही एकच पालुपद सुरू झालं : घेऊ नकोस. मी मामांचा शेजारी. इंदिरानगरातल्या त्यांच्या गॅलरीत रविवारी चहाला असतो, त्यामुळे हा वाद मला पहिल्यापासून ऐकायला मिळाला. मामा ओझरला एचएएलमध्ये विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करून निवृत्त झालेत. भाची अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. दोघांनाही सर्किट वाचता येतं. नुसत्या हौसेचा किंवा नुसत्या हट्टाचा वाद असता तर तो लिहिण्याच्या भानगडीत मी पडलो नसतो.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. घरोघरी असतो तो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एका डब्यातली दोन यंत्रं. एक यंत्र कुठलं गाणं, किती मोठ्यानं, खर्ज किती, हे ठरवतं; तो प्रीअ‍ॅम्प. दुसरं त्या क्षीण सिग्नलला स्पीकर हलवण्याइतका जोर देतं. तो पॉवर अ‍ॅम्प. शौकीन लोक हे दोन डबे वेगवेगळे घेतात. क्वाड 405 हा निव्वळ पॉवर अ‍ॅम्प. इंग्लंडात हंटिंग्डनच्या कंपनीनं तो 1975 साली काढला, दर चॅनलला 100 वॅटचा. त्याला आवाजाची खुंटी नाही. चालू-बंदचं बटणसुद्धा नाही. दर्शनी बाजू म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा.

“नाव मोठं आहे, मला मान्य,” मामा म्हणाले. “पण पन्नाशीतला पाहुणा घरात आणतेस, त्याचं दुखणंखुपणं कोण बघणार?”

“तुम्ही.”

“मी नाही. इथूनच सुरुवात करू.”

आणि सुरुवात झाली.

“तुम्हा मुलांना वाटतं आमच्या वेळी घराघरात असला माल वाजत होता,” मामा म्हणाले. “अगं, 1991 च्या आधी परदेशी अ‍ॅम्प दुकानात जाऊन घेणं हा प्रकारच नव्हता. आखातातून कुणाचा भाऊ आला तर जपानी टू-इन-वन यायचा. बाकीच्यांनी चोर बाजारात पायपीट करायची, नाहीतर देशी घ्यायचा. मुंबईचा कॉस्मिक होता, कलकत्त्याचा सोनोडाइन होता, नॉर्ज होता. तेही परवडत नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून 2एन3055 ट्रान्झिस्टर आणायचे, पत्रा वाकवायचा आणि घरीच बनवायचा. मी बनवले. गणपतीत वाजले, लग्नात वाजले, दोन जळाले. ते सगळं नाइलाजानं. आता नाइलाज राहिला नाही, तर त्याचाच शौक कशाला?”

“पण 405 नाइलाजातून आलेला नाही ना मामा. त्याचं सर्किट त्या वेळचं सर्वात हुशार आहे. साध्या अ‍ॅम्पमध्ये मोठ्या ट्रान्झिस्टरांना सतत थोडा करंट देऊन जागं ठेवावं लागतं, नाहीतर आवाजाला कड येते. तो बायस बरोबर बसवला नाही की गडबड, जुना झाला की सरकतो, जास्त झाला की अ‍ॅम्प तापून मरतो. यात ती भानगडच ठेवलेली नाही. एक लहान अ‍ॅम्प अचूक काम करतो, मोठे ट्रान्झिस्टर लागेल तेव्हा नुसता करंट ओततात, आणि त्यांनी केलेली चूक चार साध्या भागांचा पूल भरून काढतो. बायसचा प्रीसेटच नाही बोर्डावर! फिरवायला काही नाही म्हणजे बिघडवायलाही नाही.”

हे खरं आहे. करंट डम्पिंग म्हणतात या युक्तीला. कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या डिसेंबर 1975 च्या अंकात ती लेख लिहून सगळ्यांसमोर मांडली, आणि 1978 साली तिला इंग्लंडच्या राणीचं तांत्रिक कर्तृत्वाचं पारितोषिक मिळालं. आपली युक्ती आपणच मासिकात छापायची, ही वृत्ती मला त्या पारितोषिकापेक्षा जास्त भावते. आजच्या कंपन्या साधं सर्किट मागितलं तरी कपाळाला आठ्या घालतात.

मामांना हे सगळं ठाऊक होतं. ते दुसऱ्या बाजूनं आले.

“बरं, हुशार आहे. पण तुला त्यात ऐकू काय येणार जास्तीचं? 1978 साली खुद्द क्वाडनंच चाचणी करवली होती. त्यांचा 1953 चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, 1967 चा 303, आणि हा 405. पडद्यामागे कुठला वाजतोय ते न सांगता जाणत्या लोकांना ऐकवले. निकाल काय? अंदाजपंचे उत्तरं द्यावीत तितपतच ओळखता आले. बावीस वर्षांच्या अंतरात बनवलेली तीन यंत्रं, आणि कानाला फरक नाही. मग नवा स्वस्तातला घेतलास तरी तेच ऐकू येणार.”

भाची हसली. “हीच चाचणी मी तुम्हाला सांगणार होते. फरक नाही म्हणजे जुना नव्यापेक्षा कमी नाही, हेही त्यातच आलं की.”

मामा क्षणभर गप्प झाले. एकाच पुराव्यानं दोघांची बाजू बळकट होते तेव्हा तो पुरावा वादाबाहेर काढावा लागतो. जुन्या अ‍ॅम्पची ‘ऊब’, त्याचा ‘गोडवा’ यावर शौकीन लोक तासन्‌तास बोलतात. ती ऊब बऱ्याच वेळा वाळलेल्या कंडेन्सरची असते, असं मामांचं मत. माझंही. त्या दिवसापासून आवाजाचा मुद्दा दोघांनी बाजूला ठेवला, आणि वाद खऱ्या अर्थानं तिथून पुढे रंगला.

“100 वॅट हवेत कशाला?” मामांनी विचारलं. “तुझी खोली बारा बाय चौदा. रोजचं ऐकणं दोन-तीन वॅटचं. वॅट दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात. पन्नासचा अ‍ॅम्प आणि शंभरचा, कानाला जेमतेम कळेल एवढाच फरक.”

“रोजचं ऐकणं सरासरीचं झालं. तबल्यावर मोकळी थाप पडते ती सरासरीच्या 15 डेसिबल वर सहज जाते. 15 डेसिबल म्हणजे 32 पट. तीनाला बत्तीसनं गुणा.”

“शहाण्णव,” मामा म्हणाले, आणि मग थोड्या नाखुशीनं, “ठीक आहे. हिशोब बरोबर आहे.” पण सोडतात कुठले? “आणि तू ऐकतेस काय? परवा कौतुकानं दाखवलीस ती एलपी डी. व्ही. पलुस्करांची. बुवा 1955 साली गेले. स्टिरिओ एलपी जगात विकायला आल्या 1958 च्या सुमाराला. म्हणजे मोनो रेकॉर्डिंग ऐकायला स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प!”

“दोन कान आहेत म्हणून. आणि विष्णु दिगंबरांचा रामनाम आश्रम ज्या गावात होता, त्या गावात त्यांच्या मुलाचं गाणं नीट वाजायला नको?”

हे उत्तर तांत्रिक नव्हतं, पण नाशिककराला बिनतोड होतं. मामांनी चहा मागवला.

वॅटच्या आकड्यांवर मात्र दोघांचं एकमत निघालं, आणि त्यातून भाचीला हवा तो मुद्दा हाती लागला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे ‘1000 वॅट पीएमपीओ’ अशी चिठ्ठी चिकटवलेले टेप यायचे ते आठवतात? हातात धरला तर फुलासारखा हलका, आत ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा. पीएमपीओला व्याख्याच नव्हती, ज्याला जो वाटेल तो आकडा छापायचा. अमेरिकेत ही चंगळ त्याआधीच थांबली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 1974 साली नियम केला : वॅटचा आकडा जाहिरातीत छापायचा असेल तर आधी अ‍ॅम्प एक तास एक-तृतीयांश ताकदीवर चालवा आणि मग तापलेल्या अवस्थेत, दोन्ही चॅनल एकदम लावून मोजा. गंमत अशी की नेहमीचा अ‍ॅम्प एक-तृतीयांशच्या आसपासच सर्वात जास्त तापतो, पूर्ण ताकदीला नव्हे. मग काय, अमेरिकेत विकायचा माल म्हटला की जाड ट्रान्सफॉर्मर आणि भलेथोरले हीट सिंक आले. सत्तरच्या दशकातले जपानी अ‍ॅम्प उचलताना कंबर धरते, त्याला शौकीन लोक ‘त्या वेळची कारागिरी’ म्हणतात. त्यात सरकारी नियमाचाही हात आहे.

“म्हणूनच म्हणते,” भाची म्हणाली, “आज ऑनलाइन तळहाताएवढा डबा मिळतो. दर चॅनलला 300 वॅट लिहिलेलं असतं. आतली टीपीए3255 चिप चांगली आहे, वादच नाही. पण सोबतचा अडॅप्टर 48 व्होल्ट, 5 अँपिअरचा. 48 पंचे 240. अडॅप्टरच 240 वॅटचा, त्यातून 600 कुठून येणार? पीएमपीओ मेला नाही मामा, त्यानं नुसतं नाव बदललंय.”

“मग खोटा आकडा सोड आणि शंभर धर. शंभर तर देतो ना? तापत नाही, वीज खात नाही, कपाटात मावतो, गॅरंटी आहे.”

“गॅरंटी एक वर्षाची. माझा आधीचा असाच होता ना! तेराव्या महिन्यात गेला. सर्व्हिसवाल्यानं उघडलासुद्धा नाही. बोर्ड बदला म्हणाला, आणि मग म्हणाला ते मॉडेल बंद झालंय. सगळे भाग तांदळाच्या कणीएवढे, चिपवरचा नंबर घासून काढलेला. मी या धंद्यातली असून मला दुरुस्त करता आला नाही.”

मला वाटतं, भाचीची खरी बाजू ही होती. तिला आवाजाचं, नावाचं फारसं नव्हतं. बिघडल्यावर आपल्याला उघडता यावा असा अ‍ॅम्प हवा होता. 405 मध्ये दोन चॅनलचे दोन वेगळे बोर्ड आहेत. भाग सुटे, पायवाले, बोटांनी धरता येतील असे. इनपुटला एलएम301 नावाची आठ पायांची साधी आयसी, जी आजही चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. सर्किट जगभर छापलेलं. एक चॅनल बंद पडला तर चालू चॅनलशी ताडून बघायचं, कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत ते तोच सांगतो.

यावर मामा आत गेले आणि काडेपेटी घेऊन आले. काडेपेटीत दोन ट्रान्झिस्टर होते, टीओ-3 म्हणतात त्या लोखंडी टोपीचे, शंकरपाळ्याच्या आकाराच्या तळाचे. दोघांवर छपाई एकच, कंपनीचं चिन्ह एकच. मामांनी दोघांच्या टोप्या हॅकसॉनं कापून काढलेल्या होत्या. एकाच्या आत तांब्याच्या चकतीवर सिलिकॉनचा चौकोन, करंगळीच्या नखाच्या निम्मा. दुसऱ्याच्या आत मोहरीएवढा ठिपका, तोही तिरका चिकटवलेला.

“हा ओरिजिनल, हा डुप्लिकेट. बाहेरून मीटरलाही दोन्ही ठीक दाखवतात. स्पीकर लावून आवाज वाढवला की हा दुसरा पाच मिनिटांत जातो, आणि जाताना शॉर्ट होऊन जातो. शॉर्ट झाला की आतले पन्नास व्होल्ट सरळ स्पीकरवर. अ‍ॅम्पबरोबर स्पीकरची कॉइलही जळते. बाजारात मोठ्या ट्रान्झिस्टरांत डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. तू म्हणतेस उघडता येतो; उघडून आत टाकशील काय?”

“अधिकृत वितरकाकडून मागवीन. बिल घेऊन. आता घरपोच येतात, लॅमिंग्टन रोडला जायला लागत नाही.”

“आणि उघडणार कोण? मेन रोडला, भद्रकालीत पूर्वी रेडिओ दुरुस्तीवाले होते. मीटर लावून, सर्किट डोक्यात ठेवून काम करणारे. त्यांची मुलं आज प्रधान पार्कात मोबाईलचे डिस्प्ले बदलतायत. बरोबरच आहे, त्यात पैसा आहे. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जुने हीट सिंक, ट्रान्सफॉर्मर किलोवर मिळायचे. तो बाजार 2017 साली महापालिकेनं उठवला. ट्रान्सफॉर्मर जळला तर भरून देणारे सातपूरला पायलीचे पन्नास आहेत, मान्य. पण बोर्डावर हात चालवणारा माणूस दाखव.”

भाची काही बोलली नाही. मी मध्ये पडलो, म्हटलं, वस्तू न बघता वाद कशाला? बघून या.

“बघायला जाऊ,” मामा म्हणाले, “पण मी माझं सामान घेऊन येणार.”

मामांचं सामान म्हणजे सिरीज बोर्ड. एका लाकडी फळीवर बल्बचं होल्डर, त्यात 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब, शेजारी प्लगचा सॉकेट. बल्ब फेजच्या वायरीत ओळीनं जोडलेला. संशयित यंत्र या सॉकेटला लावायचं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि करंट तोच अडवून धरतो, यंत्र जळत नाही. एलईडी आल्यापासून असे बल्ब दुर्मिळ झालेत. मामांनी कपाटात जपून ठेवलेत. शिवाय मल्टिमीटर, पेचकस, आणि जळाला तरी हळहळ वाटू नये असा एक फाटका स्पीकर.

देवळालीच्या बंगल्यात मालकीणबाईंनी व्हरांड्यात टेबल मोकळं करून दिलं. त्यांच्या वडिलांनी इंग्लंडहून आणलेला अ‍ॅम्प, बरीच वर्षं न वाजवता ठेवलेला. बाईंना तो चालवून दाखवायचा होता. मामांनी हात आडवा घातला आणि आधी प्लग उघडला.

हिरवी-पिवळी वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळलेली होती. अर्थिंग तोडलेलं.

“हे बघ,” मामांनी भाचीला जवळ बोलावलं. “प्रीअ‍ॅम्पला अर्थ, याला अर्थ, दोन्हीकडून अर्थ आला की हम येतो. तो कसा घालवायचा हे न कळलेल्या कुणी तरी वायरच कापली. हम गेला असेल. पण उद्या आत फेज सुटून पत्र्याला लागली, तर याला हात लावणारा माणूसही जाईल.” मामा चिडले की आवाज खाली येतो, तो आला. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वायर जोडली. वरचं झाकण काढलं. आत दोन मोठे कंडेन्सर, 10,000 मायक्रोफॅरडचे, डोक्याला फुगवटा नाही, तळाला ओल नाही. एका बोर्डावरची आयसी कधी तरी बदललेली, सोल्डर नवं. “कुणाचा तरी हात लागलाय,” मामा पुटपुटले, “पण सोल्डर चांगलं मारलंय.” ट्रान्सफॉर्मरची जोडणी 240 व्होल्टची होती, म्हणजे आपल्या 230 ला काही करायला नको. जपानहून येणाऱ्या 100 व्होल्टच्या मालाला इथे वेगळा ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो, त्याचा खर्च, त्याचं वजन आणि त्याची गुणगुण घेणाऱ्याच्या माथी.

मग सिरीज बोर्डाला लावला. बल्ब झपकन पेटला, पांढरा. भाचीनं श्वास रोखला. सेकंद-दीड सेकंदात पिवळा, मग नारिंगी, मग तार नुसती लालसर दिसेल न दिसेल इतका उतरला. रिकामे कंडेन्सर भरले, शॉर्ट नाही. मामांनी तो तसाच अर्धा तास राहू दिला. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कंडेन्सरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो फुटू शकतो. बल्बातून हळूहळू दिलं तर आतला थर पुन्हा बसायला वाव मिळतो. तेवढ्या वेळात बाईंनी आम्हाला सरबत दिलं आणि वडिलांच्या रेकॉर्डी दाखवल्या.

अर्ध्या तासानं मामांनी स्पीकरच्या टोकांना मीटर लावला. स्पीकर न जोडता. डाव्या चॅनलला 8 मिलिव्होल्ट डीसी, उजव्याला 14. “पन्नासच्या आत आहे, चालेल.” मग बल्ब काढून सरळ लाइनवर, फाटक्या स्पीकरवर. हम नव्हता. उजवीकडे इनपुटची पिन हलवली की खरखर यायची. 405 ला आजच्या आरसीए पिना नाहीत, जुना गोल डिन सॉकेट आहे. त्याची पकड सैल झाली होती.

भाव 40,000 सांगितला होता. मामांनी वहीत यादी केली : दोन मोठे कंडेन्सर, बोर्डांवरचे लहान कंडेन्सर सगळे, सॉकेट, मेनची वायर. “आज चालतोय,” ते बाईंना म्हणाले, “पण कंडेन्सरला वय असतं. डब्यावर 85 अंश लिहिलेलं असतं; जितकं गार ठेवाल तितका टिकतो, दहा अंशांना साधारण दुप्पट. तुमच्या गार बंगल्यात टिकला. हिच्या घरी दुसऱ्या मजल्यावर, एप्रिल-मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या खोलीत नाही टिकणार.” सौदा 32,000 ला झाला. मला तो बाईंवर अन्याय वाटला नाही आणि भाचीला स्वस्तही पडला नाही.

परतताना मामांनी पुन्हा विरोध सुरू केला, पैसे देऊन झाल्यावर. “मी घेतला नसता. एक सांगतो, तुझा सीडी प्लेयर याला झेपायचा नाही. याला पूर्ण ताकदीला अर्धा व्होल्ट पुरतो, सीडी प्लेयर दोन व्होल्ट देतो. प्रीअ‍ॅम्पची खुंटी नऊवर नेलीस की घर हलेल.”

“दोन-दोन रेझिस्टरचा पाड लावीन ना मध्ये.”

“आणि 4 ओहमच्या खालचे स्पीकर आणलेस तर हा अडून बसेल. त्याबाबतीत नंतरचा 405-2 बरा होता.”

“माझे 8 ओहमचे आहेत.”

“मग आता एकच राहिलं. दुरुस्ती मी करणार नाही. मी शेजारी बसेन, आयर्न तू धर.”

तसंच झालं. गॅलरीतल्या टेबलावर तिनं एकेक कंडेन्सर काढला, नवा घातला. प्रत्येक वेळी जुन्याची अधिक बाजू कुठे होती ते मामा तिच्याकडून वदवून घ्यायचे, कारण इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला की फटाका. एका बाजूचं काम पुरं करून, तपासून, मगच दुसरी. सुटे झालेले कंडेन्सर मीटरवर मोजले तेव्हा लहानांपैकी काही निम्म्यावर आलेले निघाले, मोठे दोन्ही मात्र जवळजवळ धडधाकट. मामांनी ते परत लावू दिले नाहीत, पण फेकूही दिले नाहीत.

मामांचं मत बदललं का? नाही. ते अजून म्हणतात, ज्याला नुसतं गाणं ऐकायचंय त्यानं तीन वर्षांच्या गॅरंटीचा नवा घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत चांगले स्पीकर. भाचीचंही बदललं नाही. पण कुणी तिला विचारलं की जुना पॉवर अ‍ॅम्प घेऊ का, तर आता ती कंपनीचं नाव विचारत नाही, तो उघडणार कोण ते विचारते. दोघांपैकी कोण बरोबर? माझा कौल असा : घरात किंवा गावात बोर्डावर हात चालवणारा माणूस असेल तर भाची बरोबर, नसेल तर मामा. नाशिकसारख्या गावात असा माणूस शोधायला अ‍ॅम्प शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, तेव्हा तो आधी शोधा.

आणि तरीही घ्यायला निघालातच, तर मल्टिमीटर आणि सिरीज बल्ब सोबत न्या, पहिल्यांदा प्लग उघडून अर्थची वायर बघा, आणि विकणारा झाकण काढू देत नसेल तर पैसे न देता परत या.